इसब: ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नोव्हेंबरची थंडी पडली की त्वचारोगाच्या ओपीडीत एकच तक्रार वाढते: "मागच्या वर्षी गेलं होतं, परत उठलं." एका पेशंटला मिळणाऱ्या वेळात सगळं सांगून होत नाही. घरी गेल्यावर आजी एक सांगते, शेजारीण दुसरं आणि व्हॉट्सअ‍ॅप तिसरंच. म्हणून नेहमीचे प्रश्न, लोक विचारतात जवळपास त्याच शब्दांत, इथे घेतले आहेत. खाली नुसतं इसब किंवा एक्झिमा म्हटलं आहे तिथे बहुधा लहानपणी सुरू होणारा अ‍ॅटोपिक, म्हणजे घराण्यातल्या अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीतून येणारा प्रकार समजावा. औषधांची नावं माहितीसाठी आहेत, चिठ्ठी म्हणून मेडिकलमध्ये दाखवू नका.

रक्त खराब झाल्यामुळे होतं का हे?

नाही. रक्त शुद्ध करण्याच्या नावाने विकली जाणारी सिरपं पिऊन इसब गेल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

दोष त्वचेच्या अगदी वरच्या थरात असतो. आतलं पाणी धरून ठेवणं आणि बाहेरचं काही आत न येऊ देणं, ही या थराची कामं. इसब असणाऱ्यांत तो मुळातच कच्चा असतो, सारवण न केलेल्या जमिनीसारखा: लवकर सुकतो आणि भेगाळतो. त्यातून साबण, धूळ, जंतू आत शिरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा गरजेपेक्षा जास्त चिडते, खाज सुटते. खाजवल्यावर थर आणखी फाटतो आणि खाज वाढते. हे चक्र चालू राहतं.

हा थर घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे फिलॅग्रिन. त्याच्या जनुकातला बिघाड आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये दाखवला गेला. प्रत्येक पेशंटमध्ये हा बिघाड सापडतोच असं नाही, पण आजार घराण्यातून का येतो, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. आई-वडिलांपैकी कुणाला दमा, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ किंवा लहानपणी इसब असेल, तर मुलात शक्यता वाढते. याच कारणाने इसब असलेल्या काही मुलांना पुढे दमा किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी होते. "इसब दाबलं म्हणून दमा झाला" हा समज चुकीचा आहे. दोन्ही एकाच प्रवृत्तीतून येतात.

कायमचं बरं होईल का?

हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी खुर्चीतून उठत नाही, आणि त्याचं सरळ उत्तर असं की एका कोर्समध्ये कायमचं संपवणारं औषध आज नाही. जो कुणी तसं लिहून द्यायला तयार असेल त्याच्यापासून पाकीट आणि त्वचा दोन्ही सांभाळा.

पण अर्धी बातमी चांगली आहे. बहुतेकांना हा त्रास वयाच्या पहिल्या पाच वर्षांत सुरू होतो आणि त्यांपैकी पुष्कळांचा शाळा संपेपर्यंत खूप कमी होतो किंवा थांबतो. त्वचा कोरडी राहते, साबण बदलला की कुरकुरते, पण रोजचं दुखणं राहत नाही. काहींना मात्र मोठेपणी परत उठतं, काहींना पहिल्यांदाच तिशी-चाळिशीत होतं. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यावर दाब वाढला तर आपण औषध फसवं होतं असं म्हणत नाही. इसबाला मात्र हा न्याय कुणी लावत नाही, आणि दर काही महिन्यांनी डॉक्टर बदलले जातात.

शाळेतून सांगितलंय की बरं होईपर्यंत मुलाला पाठवू नका. संसर्ग होतो का?

अजिबात नाही. शेजारी बसून, डबा वाटून, एकाच टॉवेलने पुसूनही इसब लागत नाही. शाळेने मागितलं तर डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या. लसीकरणही ठरल्याप्रमाणे चालू ठेवायचं, इसबासाठी लांबवायचं नाही.

गजकर्ण, खरूज, सोरायसिस आणि इसब यांत फरक कसा ओळखायचा?

खात्रीने ओळखण्याचं काम डॉक्टरांचं, पण काही खुणा घरच्यांनाही दिसतात.

इसबाच्या जागा वयानुसार बदलतात. तान्ह्या बाळाला गालांवर, कपाळावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतं. चालू-फिरू लागल्यावर कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागच्या लवणीत, मानेवर आणि मनगटांवर दिसतं. पुस्तकांतली चित्रं बहुधा गोऱ्या कातडीची असतात, त्यात चट्टे लालभडक दिसतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तेच चट्टे करडे, जांभळट किंवा नुसते काळपट दिसतात आणि हात फिरवला तर बारीक दाण्यांसारखे लागतात. लाली नाही म्हणून दुखणं सौम्य आहे असं समजू नका.

गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. त्याची कड उठलेली, खवलेदार असते, मधला भाग स्वच्छ होत जातो आणि चकती बाहेर पसरते. जांघेत, कमरेला, पावसाळ्यात ओल्या कपड्यांत जास्त. खरूज असेल तर रात्री खाज असह्य होते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक फोड येतात, आणि घरातले बाकीचेही खाजवत असतात. हा शेवटचा प्रश्न आम्ही हमखास विचारतो: "घरात आणखी कुणाला?" सोरायसिसचे चट्टे जाड, चांदीसारख्या पापुद्र्यांचे असतात आणि ते कोपराच्या, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला येतात.

गालावर फिकट पांढरे डाग आहेत. जंत झालेत की कॅल्शियम कमी आहे?

दोन्ही नाही. कोरड्या, इसबाच्या प्रवृत्तीच्या मुलांमध्ये हे डाग सर्रास दिसतात आणि उन्हाळ्यात आजूबाजूची त्वचा काळवंडली की उठून दिसतात. मॉइश्चरायझर आणि थोडा धीर पुरेसा. कोडाचे डाग खडूसारखे पांढरे आणि स्पष्ट कडेचे असतात. शंका असेल तर दाखवा, पण जंतांच्या औषधाने गालाचे डाग जात नाहीत.

आंघोळ रोज घालायची की नाही? डाळीचं पीठ लावलं तर चालेल?

रोज घाला. पाणी कोमट आणि वेळ पाच-दहा मिनिटं. गीझरचं कडकडीत पाणी अंगावर पडताना खाजेला बरं वाटतं, पण पुढच्या तासाभरात त्वचा आधीपेक्षा जास्त सुकते. साबण शक्यतो सौम्य, फेस न होणारा, आणि तोही घाण आणि घाम असलेल्या जागीच. आंघोळीच्या पाण्यात औषधी तेल टाकायची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आणि नेहमीच्या उपचारांवर त्याने फारशी भर पडली नाही. तो खर्च वाचवून अंगाला लावायच्या मलमावर करा.

डाळीचं पीठ, मसूर पीठ, उटणं यांचा कण खरखरीत असतो आणि ते तेलही ओढून घेतं. निरोगी त्वचेला दिवाळीत एक दिवस उटणं ठीक आहे, इसब उठलेल्या बाळाला नको. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना हे पटवणं सोपं नसतं, आम्हाला कल्पना आहे. त्यांना मालिश करू द्या, चोळणं थांबवा. धुरीही नको, धुराने त्वचा आणि छाती दोन्ही चिडतात. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी काहींना सोसतं, काहींना त्यानेच आग होते. फाटलेल्या, झरणाऱ्या त्वचेवर ते टाळा. डेटॉलसारखं जंतुनाशक पाण्यात टाकणं तर पूर्ण बंद.

आंघोळीनंतर टॉवेलने टिपा, घासू नका, आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा.

मॉइश्चरायझर कोणतं? महागडं घ्यावं लागतं का?

जे तुम्ही दिवसातून दोनदा, कंजुषी न करता, वर्षभर लावू शकाल ते. बाटलीवर किंमत जितकी जास्त तितकं लोक ते अत्तरासारखं वापरतात, आणि तिथेच उपचार फसतो. मध्यम किंवा जास्त त्रास असलेल्या लहान मुलाला आठवड्याला साधारण २५० ग्रॅम लागतं, मोठ्या माणसाला ५०० पर्यंत. महिन्याला एक छोटी ट्यूब पुरते आहे असं कुणी सांगितलं की आम्हाला पुढचं विचारावं लागत नाही.

सुगंध नको, "हर्बल" अर्कांची जत्रा नको. पांढरी पेट्रोलियम जेली स्वस्त आणि उत्तम आहे, फक्त चिकट. थंडीत आणि रात्री ती, मार्च-एप्रिलच्या उन्हात आणि पावसाळ्यात हलकं क्रीम, असं बदलून घेता येतं. लोशन पातळ असतं, इसबाला ते बहुधा अपुरं पडतं. डबा असेल तर बोटं बुडवू नका, स्वच्छ चमच्याने काढा.

एक धोका लोकांच्या ध्यानात येत नाही. पॅराफिन किंवा तेलकट मलमं कपड्यांत मुरतात आणि तो कपडा झटकन पेट घेतो. गॅस, समई आणि फटाके यांच्याजवळ जाताना कपडे बदला.

खोबरेल तेल चालेल ना?

चालेल, त्रास सौम्य असेल आणि बाळाला सोसत असेल तर. फिलिपिन्समध्ये मुलांवर झालेल्या एका चाचणीत घाण्याच्या खोबरेलाने खनिज तेलापेक्षा चांगलं काम केलं होतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र वरचा थर आणखी ढिला करतं. नातवासाठी कौतुकाने आणलेली ऑलिव्ह तेलाची बाटली सॅलडवर संपवावी.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. त्यानेच होतंय का?

वाघोली, उंड्री, हिंजवडीकडच्या सोसायट्यांतून हा प्रश्न दर आठवड्याला येतो. खडकवासल्याच्या धरणाचं पाणी त्या मानाने मऊ, तर बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी बहुधा जड: साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडावर पांढरे थर बसतात. जड पाण्याच्या भागात मुलांमध्ये इसब जास्त आढळतं, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. जड पाण्यात साबणाचा अंश त्वचेवर चिकटून राहतो, हे एक कारण.

मग सॉफ्टनर बसवायचा का? ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर हेच तपासलं गेलं. २०११ मध्ये निष्कर्ष आले: घरात सॉफ्टनर बसवून इसबात वेगळा फरक पडला नाही. तेव्हा मशीनसाठी कर्ज काढू नका. साबण कमी वापरा, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे अंगावर घ्या, आणि मॉइश्चरायझर वाढवा. टाकीत टँकरवाल्याने क्लोरीन भरमसाट टाकलं असेल तर वासावरून कळतं. ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये जरूर काढा.

स्टिरॉइडची भीती वाटते. नेटवर फार वाईट वाचलंय.

वाचलेलं खरं आहे, पण ते चुकीच्या वापराबद्दल आहे.

लावायचं हायड्रोकॉर्टिसोन १९५२ पासून वापरात आहे आणि इसब उठल्यावर सूज उतरवणारं पहिलं औषध आजही याच गटातलं. यात प्रकार फार आहेत. एका टोकाला सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, दुसऱ्या टोकाला क्लोबेटासॉल, आणि दोघांच्या ताकदीत शेकडो पटींचं अंतर. चेहरा, मान, काखा, जांघा आणि लहान बाळं यांना सौम्य. हातापायांच्या जाड चट्ट्यांना जास्त ताकदीचं. तळहातावर जे लागतं ते पापणीवर लावलं तर नुकसान ठरलेलं. जास्त ताकदीचं, चुकीच्या जागी, महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काखेत-मांडीत कायमच्या रेषा उमटतात, चेहऱ्यावर मुरूम आणि आग सुरू होते. पापणीवर बराच काळ लावल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. भीतीपोटी टिकलीएवढं मलम तीन दिवस लावायचं, थोडं बरं वाटलं की बंद, चौथ्या दिवशी परत उठलं की "औषध लागू पडत नाही". हे फार होतं. आणि असं वर्षभर चालवलं तर योग्य उपचारापेक्षा जास्त स्टिरॉइड अंगाला लागतं.

प्रमाणासाठी बोटाचं माप लक्षात ठेवा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, ट्यूबमधून एक पट्टी काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. मोठ्या माणसाचा एक हात पंजासकट झाकायला अशा चार पट्ट्या लागतात. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, चट्टा हाताला सपाट लागेपर्यंत. नुसती खाज थांबली म्हणून बंद करू नका. ज्यांना त्याच जागी वारंवार उठतं त्यांना आम्ही बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस तिथे औषध चालू ठेवायला सांगतो, म्हणजे पुढचं उठणं लांबतं. हे मात्र स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही.

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत फरक पडला. मग डॉक्टर कशाला?

कारण त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन-चार औषधं एकत्र असतात: कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक. स्टिरॉइडमुळे काहीही असलं तरी दोन दिवस बरं वाटतं. नायटा असेल तर वरून लाली उतरते आणि आतून बुरशी फोफावते. मग तो नायट्यासारखा दिसतही नाही, आणि उपचाराला महिने लागतात. भारतात गेल्या काही वर्षांत हट्टी नायटा इतका का वाढला, याच्या कारणांत या ट्यूब वरच्या क्रमांकावर आहेत. चेहरा उजळायला म्हणून याच लावणाऱ्या मुलींची गोष्ट वेगळीच, तिथे ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही आम्ही रोज पाहतो. निदान एवढं करा: ट्यूबवरची नावं वाचा, आणि "-सोन", "-सॉल", "-सोलोन" असा शेवट दिसला तर विचारल्याशिवाय लावू नका. ही कच्ची खूण आहे, बुरशीच्या काही औषधांच्या नावातही असे शेवट येतात, पण थांबून विचारायला ती पुरे.

टॅक्रोलिमस दिलंय, पण लावलं की आग होते.

पहिले काही दिवस होते, मग कमी होत जाते. मॉइश्चरायझरनंतर अर्ध्या तासाने आणि कोरड्या अंगावर लावलं तर आग कमी जाणवते. हे स्टिरॉइड नाही, त्यामुळे त्वचा पातळ होत नाही; चेहरा, पापण्या, मान यांसाठी म्हणूनच सोयीचं. ०.०३ टक्क्याचं दोन वर्षांपुढच्या मुलांना, ०.१ टक्क्याचं मोठ्यांना. दिवसा उन्हात जाणार असाल तर अंग झाका.

पथ्य काय पाळायचं? वांगं, आंबट, मासे, दूध बंद केलंय.

परत सुरू करा. "वांगं वातूळ" वगैरे ऐकत आपण मोठे झालो, पण मोठ्या माणसाच्या इसबाचं मूळ ताटात सापडणं विरळा. तान्ह्या आणि लहान मुलांत, तेही त्रास बराच असेल तर, दूध, अंडं, शेंगदाणा यांची खरी अ‍ॅलर्जी असू शकते. त्यात पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. असं होत असेल तर नक्की सांगा, आणि श्वास लागला तर थेट इमर्जन्सीत न्या.

फक्त संशयावरून दूध, अंडी, डाळ काढून टाकलेली मुलं वजनात मागे पडलेली आम्ही बघतो. इसब जसं होतं तसंच असतं. शिवाय पदार्थ फार काळ बंद ठेवला तर त्याचीच नवी अ‍ॅलर्जी निर्माण होऊ शकते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने उलटंच दाखवलं: तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, तर पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. आपल्या घरात दाण्याचं कूट सगळ्यातच पडतं. तरीही ज्या बाळाचं इसब तीव्र आहे त्याला सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा, आणि अख्खा दाणा लहान मुलाच्या हाती कधीच देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो.

रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करून घेऊ? शंभर पदार्थांचं पॅकेज आहे.

पैसे ठेवा. इसब असलेल्यांच्या रक्तात आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड, बऱ्याचदा मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे अर्ध्या पदार्थांपुढे "पॉझिटिव्ह" येतं आणि घरात खायला काही उरत नाही. विशिष्ट पदार्थावर संशय असेल तेव्हा त्याची नेमकी चाचणी उपयोगाची. पॅच टेस्ट वेगळी: पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि नंतरही पुन्हा तपासतात. स्पर्शाने होणारं इसब शोधायला ती फार कामाची आहे.

घरी कुणालाच नव्हतं, वडिलांना साठीनंतर चेहऱ्यावर आणि मानेवर उठलं. दर वर्षी पावसाळ्यानंतर वाढतं.

गाजरगवताचा संशय घ्या. भारतात त्याच्या फैलावाची सुरुवातीची नोंद १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातलीच आहे. आयात गव्हाबरोबर बी आलं असं मानलं जातं आणि काँग्रेस गवत हे नाव तेव्हापासून चिकटलं. आज ते मोकळे प्लॉट, नदीकाठ, रेल्वेची कडा, कुठेही कमरेएवढं वाढतं. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची अ‍ॅलर्जी होते. झाडाला हात लावायचीही गरज नसते, वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याने उडून अंगावर बसला तरी पुरे. पापण्या, मान, कोपरांच्या घड्या, शर्टाबाहेरचा भाग सुजतो, जाड होतो, काळवंडतो. शेतात काम करणारे आणि पहाटे टेकडीवर फिरायला जाणारे ज्येष्ठ यांत हे पुष्कळ दिसतं.

अशांना त्याच कुळातली शेवंती, सूर्यफूल, कधी झेंडूसुद्धा सोसत नाही. दसऱ्याला तोरण दुसऱ्या कुणाला करू द्या. फिरायची जागा बदला, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, परत आल्यावर आंघोळ करून कपडे धुवायला टाका, आणि अंगणातलं गवत फुलायच्या आधी दुसऱ्याकडून मुळासकट उपटून घ्या. जाळू नका. त्रास वाढलेला असेल तर पोटातून औषधं लागतात, नुसत्या मलमावर भागत नाही.

हाताच्या बोटांना भेगा पडतात. भांडी, कपडे, स्वयंपाक, काहीच थांबवता येत नाही.

हे बायकांचं दुखणं म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही, आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर "पाण्यात हात घालू नका" हा सल्ला म्हणजे थट्टाच. जमेल तेवढं तरी: भांड्यांची पावडर थेट हातावर न घेता दांडीच्या घासणीने घासणं, रबरी हातमोज्यांच्या आत पातळ सुती मोजे, आणि ते वीसेक मिनिटांनी काढणं, कारण आत घाम साचला की उलटं वाढतं. प्रत्येक कामानंतर हात पुसून पेट्रोलियम जेली. रात्री जाड थर आणि वर सुती मोजे.

फक्त डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट टोकाला फुटत असेल तर लसूण आठवा. सोलताना-चिरताना लसूण याच बोटांत धरतात.

टिकलीच्या जागी खाज किंवा पांढरा डाग: बहुधा टिकलीच्या गोंदामुळे. कानात, गळ्यात, पायात जोडव्याखाली: खोट्या दागिन्यांतलं निकेल. भांगात, कानामागे, दाढीखाली कलप लावल्यावर दोन दिवसांत: कलपातलं पीपीडी, आणि "काळी मेंदी" म्हणून मिळते त्यातही तेच असतं. बांधकामावरच्या मजुरांच्या हातांना सिमेंटमधल्या क्रोमियमचा त्रास होतो. या सगळ्यांत औषध निम्मं काम करतं, ती वस्तू लांब गेली की उरलेलं होतं.

रात्री मूल रक्त येईपर्यंत खाजवतं. झोपेचं औषध देऊ का?

स्वतः देऊ नका. झोप आणणारं खाजेचं सिरप चार-दोन रात्री डॉक्टर देऊ शकतात, पण इसबाची खाज त्याने फारशी जात नाही. झोप येते एवढंच. नखं बारीक कापा, अंगात मऊ सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, लोकरीचा स्वेटर असेल तर तो सुती कपड्यावरून. फार उठलेल्या रात्री औषध-मॉइश्चरायझर लावून कोमट पाण्यात भिजवून पिळलेला सुती कपडा आणि त्यावर कोरडा कपडा गुंडाळतात. याने खाज पटकन बसते, पण पहिल्यांदा ओपीडीत शिकून घ्या.

"खाजवू नकोस" असं दिवसातून पन्नासदा ओरडून काही होत नाही. मुलाला खाजेसोबत अपराधीपणाही येतो. त्याऐवजी थंड ओला रुमाल ठेवायला द्या, हातात काहीतरी काम द्या. आणि आईचीही झोप महिनोन्‌महिने मोडलेली असते, हे घरातल्या बाकीच्यांनी ध्यानात घ्यावं.

लगेच डॉक्टरकडे केव्हा न्यायचं?

पिवळी, मधासारखी खपली धरली, लस झरू लागली, चट्टा दुखू लागला, तर जंतुसंसर्ग असतो. एक-दोन दिवसांत दाखवा. ताप आणि एकाच आकाराचे, टाचणीने खोलगट कोरल्यासारखे दुखरे फोड झपाट्याने पसरत असतील तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. इसबावर नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा हल्ला झालेला असू शकतो आणि तो डोळ्यापर्यंत गेला तर धोका मोठा. म्हणून ओठावर तापाचे फोड आलेल्या कुणीही अशा बाळाची पापी घेऊ नये, मग ती लाडकी आत्या का असेना.

आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथी घेऊ का?

घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्याकडून, औषधाचं नाव लिहून घेऊन, आणि आम्हाला सांगून. पुडीत बांधलेली, नाव नसलेली, दोन दिवसांत जादू करणारी पावडर घेऊ नका. तसल्या पुड्यांत स्टिरॉइड किंवा जड धातू मिसळलेले सापडल्याची उदाहरणं आहेत. "आधी बाहेर पडू द्या, मग बरं होईल" म्हणून सुजलेल्या मुलाला आठवडे तसंच ठेवणं आम्हाला मान्य नाही.

मलमांनी भागत नाही. पुढे काय?

आधी मलमं पुरेशी लागत होती का ते आम्ही तपासतो, कारण बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. त्यानंतर ठरावीक तरंगलांबीच्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाचे उपचार, आठवड्यातून दोन-तीनदा; नोकरी सांभाळून एवढ्या खेपा पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये किती जणांना जमतात हा वेगळा प्रश्न. मग सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट यांसारख्या गोळ्या, रक्ताच्या नियमित तपासण्यांसह. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन वारंवार घेणं टाळा, थांबवलं की इसब दुप्पट जोराने उसळतं.

डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं, भारतातही मिळतं. मोठ्यांना दर दोन आठवड्यांनी घ्यावं लागतं आणि महाग आहे. काहींचे डोळे लाल होतात, एरवी चांगलं सोसतं. जॅक इनहिबिटर गटातल्या गोळ्या खाज फार लवकर थांबवतात, पण संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असल्याने क्षयरोगासह तपासण्या केल्याशिवाय सुरू करत नाहीत. खर्च पेलत नसेल तर ससूनच्या किंवा पिंपरीच्या वायसीएमच्या त्वचारोग विभागात दाखवा. इसबाची मूळ औषधं महाग नाहीत.

दुसऱ्या बाळाला होऊ नये म्हणून जन्मापासून मॉइश्चरायझर लावू का?

त्याने इसब टळत नाही. हजारावर बाळांवर झालेली ब्रिटनमधली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तिचं उत्तर नाही असंच होतं. कोरडेपणा दिसला तर लावा. गरोदरपणात आईने दूध-अंडी सोडूनही बाळाचं इसब टळत नाही.

काळे डाग राहिलेत, ते कधी जाणार?

खाज आणि सूज थांबल्यावर, काही महिन्यांत हळूहळू. त्यावर गोरेपणाचं क्रीम लावू नका.

पहिल्यांदा दाखवायला येताना काय आणायचं?

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, खोक्यासकट. उठलं होतं तेव्हाचे मोबाइलवरचे फोटो, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी त्वचा हमखास शहाण्यासारखी वागते. साबण, शाम्पू आणि तेलाची नावं. त्या दिवशी सकाळी चट्ट्यांवर हळद लावू नका, खालचं काही दिसत नाही.